माझ्या घशाला काही झालेलं नाही

६ एप्रिल

संध्याकाळी महादेवभाई आमच्या चिकूच्या वाडीत आले. चिकू उतरवून झाले होते, बायका सावलीत प्रतवारी करत होत्या. त्यांनी एक चिकू उचलला, नखाने खरवडला, परत ठेवला. म्हणाले, "सर, यंदा मेळ्यात घशाला जरा आराम द्या."

माझ्या घशाला काही झालेलं नाही.

दर मे महिन्यात कॉलेजचे माजी विद्यार्थी डहाणूच्या किनाऱ्यावर उन्हाळी मेळा भरवतात. तीन संध्याकाळी. महादेवभाई समितीचे अध्यक्ष. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि मेळ्याचं सूत्रसंचालन पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी माझी प्रस्तावना चालू असताना बरेच लोक उठून गोळेवाल्याकडे गेले, हे खरं. उकाडा फार होता.

"मग माइक कोणाकडे?"

"घरातच आहे की," ते म्हणाले आणि भाविकाकडे बघून हसले.

भाविका माझी बायको. ती खोक्यांत पेंढा भरत होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

७ एप्रिल

जेवताना विचारलं, "कधी ठरलं?"

"परवा. तुम्हाला कसं सांगू ते कळेना."

"तोंडाने सांगायचं."

"तुम्ही नको म्हणा, मी नाही करणार."

मी नको म्हटलं नाही. नको म्हणायला कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कारण आहे, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नाही.

भाविका उंबरगावची, गुजरातच्या हद्दीतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून 'टेन्शन नको घ्या ने' म्हणते. जानेवारीत हळदीकुंकवाला कोणीतरी हातात माइक दिला, तर स्वतःच्या सासरच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगून बायकांना लोळवलं म्हणे. त्यावरून समितीने निवड केली. हळदीकुंकू आणि मेळा यांत फरक असतो. बघू.

१३ एप्रिल

मेळ्याआधी दर रविवारी समितीची फेरी निघते, नावाला प्रचार, खरं तर सहल. आज महालक्ष्मीची जत्रा. टेम्पोतून गेलो. फेऱ्यांचं सगळं नितीन बघतो. तो माझा जुना विद्यार्थी. आता मंडप, साउंड, जनरेटर असा धंदा आहे. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. मला 'सर' म्हणतो, भाविकाला 'भाविकाबेन'. पूर्वी 'मॅडम' म्हणायचा.

जत्रेत गर्दी, धूळ. बायका पावसाळ्यासाठी सुकी मच्छी घेत होत्या. भाविकाने दक्षाला तिकडे पिटाळलं: "जा, बोंबील बघ, मी आली." दक्षा कॉलेजच्या ऑफिसात काम करते. चिंचणीच्या कोळ्यांची मुलगी, मच्छीतलं तिला कळतं. पण भाविकाने तिला मुद्दाम पाठवलं, हे मी पाहिलं. ती गेल्याबरोबर नितीन आणि भाविका बांगड्यांच्या दुकानावर.

"सांगा ने भाविकाबेन, कुठल्या छान दिसतील?"

"ह्या. मोरपंखी. गोऱ्या हाताला काय पण दिसतं, सावळ्या हाताला हाच रंग."

भाविका गोरी आहे. मग हे सावळ्या हाताचं कशाला? बोलणं वळवण्यासाठी असावं. मी खेळण्यांच्या दुकानामागे होतो. त्याने माप म्हणून एक बांगडी तिच्या मनगटावर चढवून पाहिली आणि ती हसली.

घरी आल्यावर तिच्या हातात नव्या बांगड्या नव्हत्या. लपवल्या असणार.

२० एप्रिल

आसवली धरण. पाणी खाली गेलं आहे, कडेला चिखलाच्या भेगा. सगळ्यांनी डबे आणले होते. दक्षाच्या हातात मोरपंखी बांगड्या दिसल्या. जत्रेत सगळ्या दुकानांत एकच माल असतो.

जेवणानंतर नितीन आणि भाविका बांधावर जाऊन बसले. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने जवळून गेलो. नितीन म्हणत होता, "तुम्हीच बोला. माझं नाय ऐकून घेणार ते."

"घाई करू नकोस. मेळा होऊ दे. मग मी बोलते."

मला बघून दोघं धरणातल्या पाण्याबद्दल बोलायला लागले.

कोण ऐकून घेणार नाही? मी? मेळा झाल्यावर मला काय सांगणार आहेत?

दक्षा त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. तिच्याही लक्षात आलं असावं. बिचारी लाजेने लाल झाली होती.

२७ एप्रिल

आज भाविका समितीबरोबर वेवजीला गेली. हाल्याकाकांकडे. मी पेपर तपासायचे म्हणून थांबलो.

हाल्याकाका वारल्यांचा तारपा वाजवतात, भोपळ्याचं ते लांब वाद्य. तो मेळ्यात यावा म्हणून मी चार-पाच वर्षं प्रयत्न केला आहे. त्यांच्यासमोर बसून वारली परंपरा, मौखिक संस्कृती, पुढची पिढी, सगळं सांगितलं. दर वेळी एकच उत्तर: "आमच्यात नवं भात आलं का तारपा काढतात, सर. आता तो निजलाय. उन्हाळ्यात लग्नं." मला ते पटलं होतं. एका परंपरेचा नकार, असं मी एका लेखात लिहिलंही होतं.

भाविका संध्याकाळी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "हो म्हणाले."

"काय सांगितलंस?"

"काय नाय. म्हटलं, काका, वाजवू नका, नुसता पोरांना दाखवायला घेऊन या. तर म्हणाले, दाखवला तर वाजवावा लागेल. म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. खूप हसले. चहा दिला, ताडगोळे दिले. तुमच्यासाठी पण दिलेत."

ताडगोळे चांगले होते. मी एकच खाल्ला.

४ मे

"दोन ओळी लिहून द्या ने, तारप्याच्या. मला तुमच्यासारखं नाय येत."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कैरीचा वास.

"तुझं तू बोल. लोकांना तेच आवडतं."

तिने हात पदराला पुसले. "बरं," म्हणाली आणि गेली.

खरं तर माझ्याकडे तारप्यावर पूर्ण पान तयार होतं. दोन वर्षांपासून. ते मी फाडलं नाही. दिलंही नाही.

९ मे

मेळ्याचा पहिला दिवस.

मी मागच्या रांगेत बसलो. कोणी पुढे बोलावलं नाही असं नाही, महादेवभाई दोनदा आले. स्टेजवर भाविकाच्या बाजूला एक रिकामी खुर्ची होती. कार्यक्रम सुरू होण्याआधी ती सारखी गर्दीत कोणाला तरी शोधत होती, मग खुर्चीकडे बघत होती. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. नितीन साउंडच्या टेबलाजवळून हलला नाही. हलायची हिंमत झाली नसेल.

ती सुरुवातीलाच म्हणाली, "बसा, बसा, बेसो. माझे मिस्टर इथे असते तर तुम्हाला आत्ता समुद्राचा इतिहास सांगितला असता. मला समुद्र एवढाच माहीत की त्याला भरती आली का आपल्या चपला जातात. चपला जवळ ठेवा."

लोक हसले. माझ्या पुढचा माणूस तर मांडीवर थाप मारून हसला. वळून मला म्हणाला, "बाई भारी आहे हां." त्याला मी कोण ते माहीत नव्हतं.

चिंचणीच्या मुलींचं कोळीनृत्य, मग शाळेच्या मुलांची नाटुकली. कोणी गोळेवाल्याकडे गेलं नाही. उकाडा मागच्या वर्षीइतकाच होता.

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. म्हणाली, "कसं झालं?"

मी म्हटलं, "दोनदा म्हणालीस. 'मी आली' नाही, 'मी आले'."

त्यानंतर घरापर्यंत ती तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसली. मला वाटलं, चूक कळली.

१० मे

लिहू की नको, हा विचार करत बराच वेळ बसलो आहे.

तारपा साडेसातला सुरू झाला. हाल्याकाका स्टेजवर चढले नाहीत. वाळूतच उभे राहिले. मधोमध ते, भोवती वेवजीचे बायका-पुरुष, एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी. सगळ्यांची तोंडं तारप्याकडे. तारप्याला पाठ दाखवायची नाही, आणि तो थांबेपर्यंत साखळी सोडायची नाही, हा नियम. काका वळले की सगळी साखळी वळते.

पुढचा कार्यक्रम खोळंबला होता. महादेवभाईंनी भाविकाला खूण केली, आवरा. मी असतो तर आभार मानून मोकळं केलं असतं. तिने माइक खुर्चीवर ठेवला, चपला काढल्या आणि सरळ जाऊन साखळीत शिरली. तिच्या एका बाजूला एक म्हातारी. दुसऱ्या बाजूला नितीन. नितीनच्या पलीकडे दक्षा, पण ते महत्त्वाचं नाही. नितीनचा हात भाविकाच्या कमरेवर होता. सगळ्यांचेच हात तसे होते, हे मला माहीत आहे. मी त्या नृत्यावर लेख लिहिला आहे. साखळीतला माणूस कोण आहे याला अर्थ नसतो, असं त्यात एक वाक्य आहे.

ती हसत होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. असं तोंड मी घरात कधी पाहिलं, ते आठवेना.

मी मंडपाच्या मागे गेलो. जनरेटर चालू होता. त्याच्यावरचा पोरगा कुठेतरी गेला होता. सगळा मेळा त्या एका यंत्रावर. मी खटका खाली ओढला.

मला वाटलं, थांबेल.

दिवे गेले, स्पीकर गेले, पाळण्याजवळची गाणी गेली. लोकांचा 'हाऽ' असा मोठा आवाज झाला. एक मूल रडायला लागलं. आणि मग यंत्राची घरघर पूर्ण बंद झाल्यावर तारपा ऐकू आला. जनरेटरच्या आवाजाखाली तो दबला होता, हे तोवर कोणाला कळलंच नव्हतं. तो थांबला नव्हता. तो कशाला थांबेल? त्याला फुंकरीशिवाय काही लागत नाही.

अंधारात भाविकाचा आवाज आला. माइक नसताना. "कोणी उठू नका! पोरांना मांडीवर घ्या! तारपा चालू आहे!"

सगळे बसले. मलाही खाली बसावंसं वाटलं.

समुद्रावरून थोडा उजेड होता. पायांचे आवाज वाळूत येत होते, सगळे एकदम पडत होते. इतके लोक इतके गप्प मी त्या किनाऱ्यावर पाहिले नाहीत.

नितीन टॉर्च घेऊन धावत आला, तेव्हा मी तिथेच होतो. तारपा थांबला होता म्हणून तो सुटून आला असावा.

"सर? तुम्ही इथे?"

"बघायला आलो. काय झालं ते."

त्याने टॉर्च खटक्यावर मारला. मग माझ्या हातावर. मग विझवला. "काय नाय सर," तो म्हणाला. "बरंच झालं."

दिवे आल्यावर भाविका स्टेजवर गेली. धापा टाकत होती. नितीन तिच्या कानात काहीतरी बोलला होता. तिने माइक उचलला, जरा थांबली आणि म्हणाली, "दिवे घालवायची आयडिया आमच्या सरांची. म्हणाले, तारपा अंधारातच ऐकायचा. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. लोक मागे वळून शोधायला लागले. मला उभं राहून हात जोडावे लागले.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात धुवा. डिझेलचा वास येतो."

१२ मे

तालुक्याच्या साप्ताहिकात बातमी: 'अंधारातला तारपा: मेळ्यात अभिनव प्रयोग'. माझं नाव आहे. भाविकाचं नाही.

महादेवभाई सकाळीच आले. "सर, काय डोकं आहे तुमचं! मी उगाच घसा-बिसा म्हटलं. पुढच्या वर्षी सगळं परत तुमच्याकडे."

भाविका चहा घेऊन आली होती. म्हटलं, ती काहीतरी म्हणेल. तिने चहा ठेवला, "साखर कमी आहे, सांगा," म्हणाली आणि आत गेली.

मला जे हवं होतं ते मिळालं, असं दिसतं.

१५ मे

ती बोलते. जेवण वाढलंय, पंप चालू केला, गवळी आला होता. पण आधी ती सांगत असायची: बाजारात कोण भेटलं, कोण कोणाशी काय बोललं, रिक्षावाला कसा चिडला. मी वाचत असायचो आणि ती सांगत असायची. मी ऐकतो असं मला वाटत नव्हतं. आता घरात काहीच ऐकू येत नाही, तेव्हा कळतं की ऐकत होतो.

नितीनमुळे असेल. मनात तो असेल तर माझ्याशी काय बोलणार?

हे लिहिलं खरं. पण वाचून बघितलं तर ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखं वाटतं.

१७ मे

हाल्याकाकांच्या नातीचं लग्न उद्या. निमंत्रण दोघांना आहे.

"येता?"

"पेपर आहेत."

"पेपर संपून पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. रागावून नाही. मग दक्षाला फोन केला की मी एकटी आहे, बसने येते.

१८ मे

सकाळी ती गेली. साडी निळी. मी दुपारपर्यंत वाडीत फिरलो, मग स्कूटर काढली. तलासरीत थांबून पाणी प्यायलो. तिथून परत फिरावं, असं दोनदा वाटलं. पुढे नितीनची मोटरसायकल दिसली. मागे दक्षा होती, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. तिला बसमध्ये जागा मिळाली नसावी.

वेवजीला मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा. भिंतीवर तांदळाच्या पिठाने नवा चौक, लग्नाचं चित्र, लिहिला होता. पंगत बसायची होती. बायका धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, मागे गात होत्या आणि त्यांच्यात भाविका बसली होती. शब्द येत नसताना ओठ हलवत होती. तिने मला पाहिलं आणि गाणं चालू ठेवलं.

हाल्याकाका पडवीत खाटेवर होते. "या सर, या! उशीर केला. जावयाआधी यायचं."

मी त्यांच्या बाजूला बसलो. मग सुचलं ते बोललो. "काका, त्या दिवशी दिवे मी घालवले होते."

"हां, बाई बोलली ना. लय झ्याक केलं."

"तसं नाही. मी तुमचं चांगलं व्हावं म्हणून नाही घालवले. बंद पडावं म्हणून घालवले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेच्या माचव्यावर हात आपटून असे हसले, की आतल्या दोन-तीन बायका डोकावल्या. "अरे, तारपा बंद करायला लाइट घालवली! आमच्या आज्याच्या टायमाला लाइट कुठं होती, सर? घशात पाणी ओतलं असतं, तर बंद पडला असता!"

ते हसत होते आणि हे ज्याला त्याला सांगत होते. त्यांना काही वाटलं नाही. राग नाही, दुःख नाही. मी इतके दिवस जे घेऊन फिरत होतो, ते त्यांच्या मांडवात एक विनोद झालं. मला हलकं वाटायला हवं होतं.

वळून बघितलं तर भाविका पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्यांना काय सांगता," ती म्हणाली. "ते मला सांगायचं होतं."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"म्हणून काय झालं? माहीत होतं म्हणून सांगायचं नाय?"

हाल्याकाका हसायचे थांबले. "जेवून घ्या आधी," ते म्हणाले. "भांडायला रस्ता मोठा आहे."

रस्ता मोठा होता. ती मागे बसली, पण हात माझ्या खांद्यावर नाही, सीटच्या मागच्या दांडीला. तलासरी गेल्यावर मी स्कूटर बाजूला घेतली. उन्हं कलली होती. मी न वळता सांगितलं. खटका. का ओढला. बांगड्या. धरणाचा बांध. सगळं. समोर बघूनच सांगितलं, तिच्या तोंडाकडे बघून जमलं नसतं.

एक ट्रक गेला. मग म्हणाली, "नितीनचं तर मी आता तुम्हाला सांगणारच नाय. तुमचं तुम्हाला कळेल तेव्हा कळू दे."

"म्हणजे काय?"

"आणि ती खुर्ची तुमच्यासाठी होती. तेवढं सांगते."

मी स्कूटर सुरू केली. पहिल्यांदा सुरू झाली नाही. 

१९ मे

सकाळी ती चहा घेऊन ओटीवर आली. स्वतःचाही कप आणला होता.

"महादेवभाईंना मी फोन केला. पुढच्या वर्षी पण मीच बोलणार आहे."

"बोल."

"नीट विचार करून सांगा."

"बोल म्हटलं ना. मी समोर बसेन, पहिल्या रांगेत."

"पहिल्या रांगेत नको."

"का?"

"तुमचं तोंड दिसलं की मला कळतं, तुम्ही मनातल्या मनात दुरुस्त करताय. मग माझी जीभ अडकते."

हे खरं आहे. "मग कुठे बसू?"

तिने चहा संपवला, कप उलटा करून उरलेला थेंब अंगणात झटकला.

"लोकांत बसा," ती म्हणाली.

लोकांत म्हणजे नितीनच्या बाजूला का, असं विचारणार होतो. विचारण्याऐवजी दोन्ही कप विसळायला आत नेले.